नाखवा गेले : वखारीच्या भिंतीवरचा खडूचा हिशोब कुणाला लागतोय का?

वखारवाला_भाचा | सोमवार, रात्री ९:१२

वसई किनाऱ्यावर मासळी घेणारे इथे बरेच आहेत, त्यांना एव्हाना कळलं असेलच. आमचे मामा, ज्यांना सगळं बंदर नाखवा म्हणायचं, शनिवारी पहाटे गेले. लिलावाला निघता निघता छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. वय ५३.

धंद्याचा पसारा असा: डोल जाळ्याची एक बोट, बंदरावर ओल्या मासळीचा गाळा, वखारीत खारवायच्या ३ सिमेंटच्या टाक्या, मागच्या बाजूला वलांडी, म्हणजे बोंबील टांगायच्या दोऱ्या, आणि सुकवायचं खळं. मामी आणि ताई गाळा चालवतात, त्यात काही अडत नाही. पण बर्फ, मीठ, सुकवण हे सगळं मामांच्या डोक्यात. वही फक्त उधारीची. बाकी जे काही आहे ते वखारीच्या आतल्या भिंतीवर खडूनं. जसंच्या तसं उतरवतो.

डाव्या बाजूला:

३ = २। — १४
५ = ३॥। — ११
८ = ६ — ५
११ = ८। — ७
१५ = ११। — १५
३० = ११। — १५

उजव्या बाजूला:

बों १० — १॥
सो १० — १।
टा. ३ : १/३ मा.व.२ — ७ — दगड काढू नये
टा. २ : लाल. बंद
मी. जु. पुढे

टाकी ३ भरलेली आहे, वर फळ्या आणि दगड. बोट चालवणारा तांडेल विचारतोय की बर्फ किती सांगू. तेराव्यापर्यंत थांबता येणार नाही. ज्याला जे लागेल ते लिहा.

खाडीपलीकडे | सोमवार, रात्री ९:३०

वाईट झालं. कोळंबी घेणाऱ्यांना नाखवांचा गाळा कसा ओळखायचा हे सांगावं लागत नसे. काट्याशेजारी भोकांची चाळण असायची. बर्फाच्या पाण्यातली कोळंबी आधी चाळणीत, पाच मिनिटं निथळू द्यायची, मग काट्यावर. किलोमागे शंभरेक ग्रॅम पाणी सहज विकता येतं, ते त्यांनी विकलं नाही. मामींना म्हणावं चाळण हलवू नका.

तिथीवाला | सोमवार, रात्री ९:५१

डावी बाजू सोपी आहे. पहिला आकडा तिथी, दुसरा भरतीची वेळ. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. आणि ती उभी दांडी म्हणजे पाव: । पाव, ॥ अर्धा, ॥। पाऊण. आता लावून बघ.

तृतीया: ३ × ३ ÷ ४ = सव्वादोन. म्हणजे २।.
पंचमी: पावणेचार, म्हणजे ३॥।.
अष्टमी: बरोब्बर ६.
एकादशी: सव्वाआठ.
पौर्णिमा: सव्वाअकरा.

शेवटचा ३० म्हणजे अमावास्या. पंचांगात अमावास्येला ३० छापतात, पण हिशोबाला १५च धरायचे, म्हणून तिथेही ११। आहे. ही वेळ दिवसाची आणि रात्रीची दोन्ही, कारण भरती सुमारे साडेबारा तासांनी परत येते. रोज ती पाऊण तास किंवा थोडी जास्तच पुढे सरकते, म्हणून तर पाऊणपट.

हा ठोकताळा आहे हे विसरू नका. पाऊण-एक तास इकडे तिकडे होतो. बोट कधी लागेल याचा अंदाज त्यावर बांधा, पण खाडीच्या तोंडाशी पाणी किती आहे हे छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकातच पाहा.

तिसरा आकडा बर्फाच्या लाद्यांचा असणार.

रापण | सोमवार, रात्री १०:०५

लाद्याच. डोल ही उभी बांधलेली जाळी, ती मासळीच्या मागे जात नाही. पाण्याच्या ओढीनं जे आत येईल ते. उधाणाला ओढ जोरात, बोंबील-करंदी-मांदेली भरभरून. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी मंद, पाणी मेलेलं, जाळ्यात हाताला लागेल एवढंच. म्हणून पौर्णिमा-अमावास्येला १५ आणि अष्टमीला ५. खरं उधाण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी जोर धरतं, म्हणूनच बघ तृतीयेलाही १४ ठेवलेत, ११ वर लगेच उतरवले नाहीत. माणसानं नुसतं गणित नाही लिहिलेलं, जाळं बघून लिहिलंय.

वखारवाला_भाचा | सोमवार, रात्री १०:२०

म्हणजे आज षष्ठी, वद्य. षष्ठीचा आकडा भिंतीवर नाही.

रापण | सोमवार, रात्री १०:२४

पंचमीचे ११ आणि अष्टमीचे ५ यांच्या मधला धर. उद्या सप्तमी. ७ सांग, पुरतील. उरला तर गाळ्यावर लागतो, कमी पडला तर मासळी जाते.

बर्फचुरा | सोमवार, रात्री ११:०२

लाद्यांचा आकडा दुसरीकडे वापरू नका. लादीचं वजन कारखान्यागणिक वेगळं असतं. बदलला तर आधी एक लादी काट्यावर घाला.

मूळ हिशोब मासळीएवढाच बर्फ, किलोला किलो. का, ते सांगतो. एक किलो मासळी ३० अंशांवरून शून्याला आणायला साधारण पाव ते एक तृतीयांश किलो बर्फ वितळावा लागतो. एवढंच असतं तर ३० किलोत १०० किलो मासळी निभावली असती. उरलेला बर्फ जातो पेटीच्या भिंतींतून येणाऱ्या उष्णतेत, झाकण उघडझाक करण्यात आणि बंदर ते बाजार रस्त्यावर. एप्रिल-मेमध्ये किलोला सव्वा ते दीड लागतो.

भरायची पद्धत: तळाला चार बोटं चुरा, मग मासळीचा एकच थर, मग मासळी दिसेनाशी होईल एवढा चुरा, असं वरपर्यंत, शेवटचा थर बर्फाचा आणि जाड. बाजूच्या भिंतींना मासळी टेकता कामा नये, तिथेही चुरा. पेटीच्या तळाचं भोक उघडं हवं. वितळलेलं पाणी मासळीवरून वाहत खाली जातं तेव्हा चिकटा आणि जंतू धुऊन नेतं. भोक बुजलं की खालचा थर स्वतःच्याच रक्ता-पाण्यात बसतो. वरची मासळी चकचकीत आणि खालची वास मारणारी, असं झालं की बर्फवाल्याला शिव्या देतात. चूक भोकाची असते.

मोठे खडे टाकू नका. पापलेटाला खड्याचा खळगा पडतो, कातडी सुटते आणि भाव तिथेच पडतो. बोंबील तर अंगानंच पाणी, तो खोल पेटीत कधीच नाही. उथळ क्रेट, वर हलका चुरा, त्यावर दुसऱ्या मासळीचं ओझं नाही.

आणि बर्फ घेताना रंग बघा. निळसर बर्फ खाण्याच्या वस्तूंसाठी नसतो, ओळखू यावा म्हणूनच त्यात रंग घालतात. स्वस्त पडतो म्हणून तो मासळीवर टाकणं चूक आहे.

सुकटप्रेमी | मंगळवार, सकाळी ७:४०

नाखवांच्या आत्म्यास शांती लाभो. उजवीकडचं 'बों १० — १॥' म्हणजे दहा बोंबलांच्या जुडीचा जुना भाव असेल. कोणे एके काळी दीड रुपया असेलही!

वलांडी | मंगळवार, सकाळी ८:१५

भाव नाही. उतारा आहे. १० किलो ओल्या बोंबलाचा दीड किलो सुका. बोंबलात शंभरात अठ्ठ्याऐंशी-नव्वद भाग पाणीच. पूर्ण कडक वाळवला तर सव्वा किलोवर येतो, दीड म्हणजे विक्रीच्या वाळणीचा. दीडच्या वर उतारा येत असेल तर खूश होऊ नका, आत पाणी आहे आणि पावसाळ्यात ती पोती बुरशीला जाणार.

'सो' म्हणजे सोडे. अख्खी कोळंबी १० किलो, डोकं-सालं गेली की साडेपाच किलो उरते, त्यातलं पाणी गेलं की सव्वा. ओल्या कोळंबीला २५० दिले तर २५०० रुपये नुसत्या मालाचे, भागिले सव्वा, म्हणजे २००० रुपये किलो घरातच पडले, सोलणावळ वेगळी. ताईला म्हणावं हा आकडा पाठ कर. सोडे महाग म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासमोर तोच उपयोगी पडतो.

आता वलांडीचं. नाखवांचे बोंबील पांढरे आणि सरळ असायचे, पिवळे-वाकडे नाही. त्यामागे काही गुपित नव्हतं, पुढच्या गोष्टी चुकत नव्हत्या इतकंच.

बोंबील किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात धुवायचे नाहीत. बोटीवरच, बाहेरच्या स्वच्छ पाण्यात, चिकटा जाईपर्यंत. मग दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची, दात आपोआप धरतात. जोडी दोरीवर टाकली की एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोन जोड्यांत दोन बोटांची फट. उधाणाला माल जास्त आणि दोरी कमी, तेव्हा लोक फट मिटवतात, आणि तिथेच अंग चिकटून आंबूस वास धरतो. दोरी संपली तर उरलेला ओलाच विका.

पहिला दिवस सगळ्यात महत्त्वाचा. संध्याकाळपर्यंत बाहेरची कातडी कोरडी लागलीच पाहिजे. त्यासाठी उन्हापेक्षा वारा हवा. पहाटेचा जमिनीवरून येणारा मतलई कोरडा असतो, म्हणून पहाटेच टांगायचे. दुपारनंतरच्या समुद्रावरच्या वाऱ्यात ओल असते. सध्या दव पडतंय, रात्री वरून ताडपत्री टाका पण बाजू उघड्या ठेवा, गुंडाळलं तर आतच घाम धरतो.

तिसऱ्या दिवशी शेपटी कडकन मोडते, त्यावर फसू नका. शेपटी पातळ असते. डोक्यामागचा जाड भाग दाबून बघा. तरी खात्री नसेल तर काढलेला माल रात्रभर पोत्यात दाबून ठेवा. आतलं पाणी बाहेर येतं. सकाळी हाताला ओलसर लागला की परत दोरीवर, अर्धा दिवस.

वखारवाला_भाचा | मंगळवार, सकाळी ९:०३

शनिवारी पहाटे टांगलेले होते. दोन रात्री ताडपत्री कुणी टाकली नाही.

वलांडी | मंगळवार, सकाळी ९:१०

दोन रात्रींच्या दवानं बिघडत नाही, रंग थोडा उतरतो. आज दिवसभर राहू दे, उद्या दुपारी काढा, रात्री पोत्यात दाबा. अंगावर गुलबट किंवा काळे ठिपके असतील तर ते बाजूला करा, बाकीच्यात मिसळू नका. जबड्याच्या आत बघा, माशी अंडी तिथे घालते.

मीठगोणी | मंगळवार, सकाळी ११:२५

टाकीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. टाकी ३ ला हात लावू नका!

'१/३' म्हणजे तीन भाग मासळीला एक भाग मीठ. मार्गशीर्ष वद्य द्वितीयेला भरली, ७ दिवस. म्हणजे येत्या गुरुवारी, वद्य नवमीला उघडायची. दगड का काढू नये? मीठ मासळीतलं पाणी ओढतं, त्याचं खारवण तयार होतं, आणि मासळी त्यात बुडालेली असते तोवरच सुरक्षित असते. दगड काढला की वरचा थर तरंगून बाहेर येतो. बाहेर आलेल्या मासळीच्या तेलाला हवा लागते, ती गंजल्यासारखी पिवळी-तांबूस पडते आणि कडवट वास धरते. सुरमई आणि बांगडा तेलाचे, त्यांना हे लवकर होतं.

आत्ता एवढंच कर. कोपऱ्यातून टॉर्च मारून बघ. फळीच्या वर खारवण दिसतंय का? दिसत असेल तर झाकून निघून जा. नसेल तर नवं खारवण करून वरून ओत: एक लिटर पाण्याला ३६० ग्रॅम किंवा थोडं जास्तच मीठ, ढवळल्यावर तळाला थोडे दाणे न विरघळता राहिले पाहिजेत. दाणे राहिले नाहीत तर ते पुरेसं खारं नाही. साधं पाणी चुकूनही नाही.

वखारवाला_भाचा | मंगळवार, दुपारी १२:१०

फळीच्या वर दोन बोटं खारवण आहे. वास खारट, घाण नाही. टाकी २ रिकामी आहे, पण भिंतींना गुलाबी चिकट थर. 'लाल. बंद' ते हेच का?

मीठगोणी | मंगळवार, दुपारी १२:४८

तेच. मिठात वाढणारे जंतू. बाकीचे बहुतेक जंतू एवढ्या मिठात वाढत नाहीत, यांना मीठच लागतं. ते मिठागराच्या मिठातूनच येतात. उन्हाळ्यात दोन दिवसांत खारवलेल्या मासळीवर गुलाबी साय धरते, पुढे मांस पिठूळ होतं.

नाखवांनी टाकी बंद केली ते बरोबर केलं, पण नुसती बंद ठेवून थर जात नाही. उरलेलं मीठ आणि खारवण टाकून द्या, दुसऱ्या टाकीत ओतू नका. काथ्याच्या ब्रशनं घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा, तासभर राहू द्या, मग गोड्या पाण्यानं वास जाईपर्यंत धुवा. या जंतूंना गोडं पाणी मानवत नाही, म्हणून ते सढळ वापरा. तीन-चार दिवस कडक उन्हात उघडी. त्या टाकीच्या फळ्या आणि दगडही तसेच धुवायचे. बहुतेक जण टाकी घासतात आणि जुनी फळी परत ठेवतात, पंधरा दिवसांत पुन्हा लाल.

आणि 'मी. जु. पुढे' हे शेवटचं वाक्यही याच्याशीच जोडलेलं आहे. जुनं मीठ पुढे, म्हणजे आधी वापरायचं. कोरड्या जागी वर्षभर पडलेल्या मिठात हे जंतू खूप कमी होतात. नव्या गोण्या मागे ढकलायच्या, जुन्या दाराशी आणायच्या. वखारीत गोण्यांचा क्रम तसाच असेल, बघ.

वखारवाला_भाचा | मंगळवार, दुपारी १:०५

दाराशी सहा गोण्या, तोंडं सुतळीनं शिवलेली. मागे नव्या.

सुकटप्रेमी | मंगळवार, दुपारी ३:३०

भावाचं चुकलं, मान्य. एक विचारतो. सुक्या मालाच्या पोत्यांत केसाळ अळ्या होतात. काही व्यापारी कीटकनाशक फवारतात, तसं थोडं मारलं तर चालतं का? घरच्यांना माल टिकवायचाय म्हणून विचारलं.

वलांडी | मंगळवार, दुपारी ३:५२

नाही. थोडंही नाही. सुका बोंबील चिरून पाण्यात भिजवला तरी आत मुरलेलं औषध निघून जात नाही.

अळी भुंगेऱ्याची असते, माल अर्धवट वाळला की त्याला आयतं घर. आधी वाळवण नीट. मग थोडा माल असेल तर जाड पिशवीत हवा काढून बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ला आठवडाभर ठेवा, अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड मालावर हवेतलं पाणी जमतं आणि वाळवलेलं सगळं फुकट. पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, रात्रभर. जास्त माल असेल तर कडक उन्हात काळ्या प्लॅस्टिकखाली तापवतात, पण थर्मामीटर ठेवून, ६०च्या वर गेलं की माल ठिसूळ होतो.

कागदपत्र | मंगळवार, रात्री ८:१७

वखारीचं ठीक चाललंय. आता गाळ्यावरचं, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

गाळ्यावर बर्फाच्या पेटीला क्यूआर कोडचं स्टिकर असेल. ते नाखवांच्या खात्याचं आहे. बँकेला मृत्यू कळला की खातं थांबतं आणि वारसाचे कागद होईपर्यंत त्यातले पैसे अडकतात. आजच मामींच्या किंवा ताईच्या खात्याचा नवा कोड लावा आणि जुना खरवडून काढा. जुन्यावर नवा चिकटवला तर बर्फाच्या पाण्यानं वरचा निघतो आणि खालचा परत दिसतो.

नाखवांनी सही करून ठेवलेले चेक असतील तर ते वापरू नका. मुखत्यारपत्र असेल तर तेही माणसाबरोबर संपतं. एटीएमचा पिन माहीत आहे म्हणून पैसे काढणं हे सर्वात वाईट, उद्या भावंडांत वाद झाला तर तेच पुढे येतं. सिमकार्ड मात्र बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. बँकेचे आणि परवान्यांचे निरोप त्यावरच येतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या, प्रत्येक ठिकाणी एक ठेवून घेतात.

अन्नपरवाना, म्हणजे एफएसएसएआयचा: धारक गेला तरी परवाना मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस घरच्यांच्या हितासाठी चालू राहतो. अधिकारी ती मुदत वाढवू शकतात. त्या ९० दिवसांत वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज द्या. मुदत गेली तर नव्यानं सुरुवात.

बोटीची नोंदणी आणि मासेमारी परवाना दोन्ही नावावर करून घ्यायचे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे वारस दाखला आणि बाकी वारसांचं संमतीपत्र लागेल. डिझेलचा कोटा आणि बोटीचा विमा त्या नोंदणीवरच टांगलेला असतो. ती अडली की सगळं अडतं.

विमा: बँकेचं पासबुक काढा आणि मे महिन्याच्या अखेरीची पानं बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती योजना चालू आहे, त्यात मृत्यू कशानंही झाला तरी नॉमिनीला २ लाख मिळतात. ही योजना ५५ वर्षांपर्यंत चालते, नाखवा ५३चे होते, म्हणजे बसतात. २० रुपयांची कपात असेल तर ती सुरक्षा योजना, ती फक्त अपघाताची. मच्छीमारांच्या गटविम्यातले ५ लाखही अपघाती मृत्यूचेच. झटक्यानं गेलेल्या माणसाला ते लागू होत नाहीत, उगाच एजंटाच्या मागे फिरू नका.

खाडीपलीकडे | मंगळवार, रात्री ८:४०

उधारीच्या वहीचं काय?

कागदपत्र | मंगळवार, रात्री ९:०६

प्रत्येक पानाचा फोटो. मग शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ, तारीख, आणि घरातल्या दोघांच्या सह्या. त्याखाली एकही जुनी नोंद घालायची नाही, आठवली तरी. नवीन व्यवहार नव्या पानावर.

येणं आणि देणं वेगळं काढा. मासळी विकणाऱ्या मावश्यांकडे थोडं थोडं येणं असेल, त्यांच्याकडे तोंडी तगादा लावू नका, वही समोर ठेवून एकेकीशी बोला. बहुतेक जणी स्वतःहून येतात. मोठं येणं हॉटेलवाल्यांकडे असतं, त्यांना लेखी पत्र पाठवा. येण्याचा दावा तीन वर्षांत लावला नाही तर तो कोर्टात टिकत नाही, आणि हॉटेलवाल्यांना ते चांगलं माहीत असतं. खलाशांची उचल वहीत असेल तर ती लगेच वळती करू नका. हंगामाच्या मध्यात खलाशी गेला तर बोट किनाऱ्याला लागते.

रापण | मंगळवार, रात्री ९:३५

तांडेलाचं एक. नाखवा गेले की तांडेलाला दुसऱ्या बोटीची बोलावणी येणार, ती आलीच असतील. वाटणीचा जो करार तोंडी होता तोच चालू राहील असं मामींनी स्वतः सांगावं, भाच्यानं नव्हे. डिझेल-बर्फ-शिधा आधी वजा करून उरलेल्याची वाटणी होते की आधी वाटणी मग खर्च, हे तांडेलाच्या तोंडून ऐकून कागदावर घ्या. इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात.

मीठगोणी | बुधवार, सकाळी ७:०५

उद्या टाकी उघडायची, म्हणून उरलेलं लिहून ठेवतो.

सकाळी लवकर. मासळी काढून त्याच खारवणात हलवून धुवायची, गोड्या पाण्यात नाही. गोड्या पाण्यानं वरचं मीठ जातं आणि पृष्ठभाग मऊ पडतो. मग उतरत्या फळीवर एकावर एक रचून वर वजन, दिवसभर निथळू द्या. वाळवायला शुक्रवारी. पहिल्या दिवशी दुपारचं ऊन चुकवा, ११ ते ३ सावलीत. भर उन्हात ठेवली तर वरचा पापुद्रा कडक होतो, आतलं पाणी अडकतं आणि आठवड्यानं आतून सडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्ण ऊन चालेल.

नीट खारवलेली ओळखायची कशी: पाठीच्या काट्याजवळ दाबली की बोट रुतत नाही, मांस अर्धपारदर्शक झालेलं, काट्याजवळ रक्ताची लाली नाही. लाली असेल तर मीठ आतवर पोचलं नाही. असं बहुतेक वेळा फक्त बारीक मीठ वापरल्यानं होतं. बारीक मीठ पृष्ठभागातलं पाणी एकदम ओढतं, मांस तिथे घट्ट होतं आणि पुढचं मीठ आत जाऊ देत नाही. खडे मीठ आणि बारीक मीठ मिसळून वापरावं लागतं. दाराशी ज्या गोण्या आहेत त्यात हात घालून बघ.

वखारवाला_भाचा | बुधवार, सकाळी ७:५०

चार गोण्या खड्यांच्या, दोन बारीक.

खाडीपलीकडे | बुधवार, सकाळी ८:२०

आणखी एक नोंदवून ठेवा. पापलेटाची पिल्लं नाखवा लिलावात उचलत नसत, कितीही स्वस्त असली तरी. २०२३ साली पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला. त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं हेच होतं. दलाल आता ताईला पिल्लांच्या पेट्या स्वस्तात दाखवतील. घ्यायच्या नाहीत हे पहिल्याच लिलावात कळू दे, परत दाखवणार नाहीत.

वखारवाला_भाचा | गुरुवार, दुपारी २:३०

टाकी उघडली. सुरमई. ताईनं काढली, मामी फळीवर रचत होत्या. काट्याजवळ लाली कुठेच नाही. वरच्या थरातले दोन तुकडे कडेला पिवळट होते, ते बाजूला काढले, फळी तिथे थोडी वाकलेली निघाली. वहीत द्वितीयेच्या पानावर 'सु. ६०' असं सापडलं, म्हणजे साफ केलेली ६० किलो भरली होती. आज निथळायला ठेवण्याआधी ४६ भरली.

बोंबील पोत्यात दाबून बघितले, सकाळी ओलसर लागले. परत दोरीवर आहेत.

टाकी २ घासून झाली. क्यूआर बदलला, जुना सुरीनं काढला. ४३६ची कपात पासबुकात आहे. मामी काल रात्री तांडेलाशी बोलल्या.

येत्या बुधवारी अमावास्या. १५ लाद्या सांगतोय.

रापण | गुरुवार, दुपारी २:४४

१५ बुधवारच्या झाल्या. गुरुवार-शुक्रवारच्याही आजच सांगून ठेव, उधाणाला सगळ्या बोटी एकदम मागतात आणि कारखान्यात लादी शिल्लक राहत नाही. तृतीयेपर्यंत १४च्या खाली येऊ नकोस.

मीठगोणी | गुरुवार, दुपारी ३:१०

४६ चांगली आहे, निथळून ४४वर येईल. वाकलेली फळी बदला, नाहीतर पुढच्या वेळी त्याच कोपऱ्यात पुन्हा पिवळी पडेल. जांभळाची किंवा सागाची घ्या, खिळे न मारता. लोखंडाचा डाग मासळीला लागतो.

वखारवाला_भाचा | गुरुवार, रात्री ९:२०

फळी सुताराला सांगितली. ताईनं भिंतीवर खाली नवी ओळ घातली आहे:

टा. ३ : सु ६० — ४६ — लाली नाही. फळी बदल